जिभेच्या डाव्या कडेला

यंदा आमच्या घरी शेवळं खाजली. हे सगळं तिथूनच सुरू झालं, असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

शेवळं आमच्या रानात ज्येष्ठात जमिनीतून वर येतात. लांबट, तपकिरी, गुंडाळलेली. पाहणाऱ्याला ती भाजी वाटणार नाही. वरचं पान काढायचं, आतला पिवळा भाग फेकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. मग काकडाची आंबट फळं उकडून त्यांच्या पाण्यात शिजवायचं. काकडं कमी पडली की शेवळं खाजतात, घसा खवखवतो, जिभेला सुया टोचल्यासारखं होतं. त्या खेपेला आमच्या बांधावरच्या काकडाला फळंच कमी धरली होती. मी होती तेवढी घातली आणि वर चिंच कोळली. वाटलं, भागेल.

भागलं नाही. नवऱ्याने दोन घास खाल्ले, गळ्याला हात लावला आणि पाणी मागितलं. माझी थोरली जाऊ भिंतीपलीकडे राहते, आमचा ओटा एकच आहे. तिला वाटीभर भाजी दिली होती. ती वाटी घेऊनच परत आली.

“काय गो, काकडं सोनाराकडनं तोलून आणलीस काय?”

“झाडालाच नवती,” मी म्हटलं.

“मंग शेवळं तरी रानात ऱ्हाऊ द्यायचीस. त्यांनी काय तुझं घोडं मारलं?”

नवरा पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाला, “वयनी, तुमचा आवाज अजून निघतोय ना? म्हंजे भाजी बरी झालीय.”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे घसे मोकळे झाले. माझ्या जिभेच्या डाव्या कडेला मात्र एक बारीक पुळी राहिली. डोळ्यांनी नाही पाहिली, दातांना लागली म्हणून कळली. नाचणीच्या दाण्याएवढी असेल. दुखत नव्हती. जीभ आपली सारखी तिच्याकडे जायची, एवढंच. मी मनात म्हटलं, शेवळं खाजलीत, उतरेल. चिंचेचं पाणी तोंडात धरलं, आमसूल चघळलं. शेवळांवर आंबट हाच उतारा, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

आणखी एक गोष्ट मी करत होते. मी त्या पुळीवर मशेरी लावत होते.

मशेरी लावायला मी लग्न होऊन आले तेव्हापासून लागले. तंबाखूची पानं लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि डबीत भरायची. सकाळी दात घासायला आणि दुपारी जेवणं आटोपली की ओट्यावर बसून. आमच्या आळीची मशेरी मीच भाजून द्यायची. माझा हात चांगला होता, करपू न देता काळी करायची. बायका पानं आणून द्यायच्या आणि संध्याकाळी डबी घेऊन जायच्या.

मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासून नाही. शाळेत चौथीपर्यंत होते, तिथेही बाईंनी विचारलं की उत्तर येत असूनही तोंड उघडत नसे. सासरी आल्यावर सगळ्यांना वाटलं, नवी आहे, बोलेल हळूहळू. मग त्यांनीही नाद सोडला. दुपारच्या ओट्यावर मात्र मला कधी अवघड वाटलं नाही. मशेरी तोंडात असली की कुणालाच धड बोलता येत नाही. हं हं करायचं, पिंक टाकायची, हसायचं. तेवढा वेळ मी सगळ्यांसारखीच एक असायची. हे मी कुणाला बोलून सांगू शकले नसते, लिहायला सोपं जातंय.

दाढदुखीवर मशेरी लावली की दाढ बधिर होते. तशीच पुळीही बधिर होईल, म्हणून मी बोट डाव्या कडेला जरा जास्त दाबून फिरवायची. बरं वाटायचं.

एके दिवशी ओट्यावर मी सारखी जीभ दाताखाली घेतेय हे जावेने पाहिलं.

“काय झालं गो जिभेला?”

“फोड आलाय. शेवळं खाजली ना, तवापासून.”

“शेवळांचा नाय तो. खोटं बोललं का जिभेला फोड येतो.” मग तीच थांबली आणि बाकीच्या बायकांकडे बघून म्हणाली, “पण ही कवा बोलते, तर खोटं बोलंल?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्यात तो फोड जणू सगळ्यांचा झाला, आणि मला तेव्हा त्याची काळजी वाटेनाशी झाली.

लावणीच्या दिवसांत जिभेकडे बघायला फुरसत नसते. पण तेव्हाच मला कळलं की मी उजव्या बाजूने जेवायला लागले आहे. शेतावर भाकरीबरोबर लसणाची चटणी असायची, ती मी बाजूला सारायची. जावेच्या नजरेतून काही सुटत नाही.

“चटणी नको, कांदा नको. या वयात डोहाळे लागले काय गो?”

नवरा चिखलात वाकलेला होता, तो तसाच वाकून हसला. मी चटणी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा वाऱ्याकडे तोंड केलं.

शेवळांचे दिवस संपले. रानात भारंगीची भाजी येऊन गेली, टाकळा जून झाला. पुळी होती तिथेच होती. आता ती तुरीच्या डाळीएवढी लागायची आणि आजूबाजूला खरखरीत वाटायचं. तरी मनात मी शेवळांनाच धरून बसले होते. यंदाची शेवळं जहरी होती, असं मी स्वतःला सांगायची. दुसरं काही असेल हा विचार मी करतच नव्हते असं नाही. तो यायचा, आणि मी भांडी घासायला उठायची.

गणपतीच्या आधी घर सारवायला काढलं होतं. आरसा भिंतीवरून काढून दारात टेकवला होता. घरात कुणी नव्हतं. नवरा शहापूरला भाताच्या गिरणीत कामाला जातो, त्या दिवशी तो मोबाइल घरीच विसरला होता. मी मोबाइलची बॅटरी लावली, आरशापुढे उकिडवी बसले आणि जन्मात पहिल्यांदा माझी जीभ नीट बाहेर काढून पाहिली.

डाव्या कडेला तो फोड होता. भोवती पांढरं, पेज थंड झाल्यावर वर साय धरते तसं. पदराने पुसून पाहिलं, निघालं नाही. मग मी जीभ आणखी बाहेर ओढली आणि उजेड आत टाकला. आत, अगदी मागे, घशाजवळ, मोठमोठे गोल फोड होते. एक दोन नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळच्या ओळ.

माझ्या हातातला मोबाइल सारवलेल्या जमिनीवर पडला. कडेचा एक फोड मला माहीत होता. मागचे कधी झाले हे कळलंही नव्हतं. मला वाटलं, आतपर्यंत पसरलंय.

माझ्या माहेरी एक चुलते होते. ते मुरबाडच्या बाजाराला बैल घेऊन जायचे, गालात कायम तंबाखूची गोळी. त्यांना तोंडात असंच काहीतरी झालं. मी लहान होते, मला त्यांच्याकडे पेज घेऊन पाठवायचे. ते तोंडाला पंचा बांधून पडवीत बसलेले असायचे. पेज ठेवली की मी जाईपर्यंत ते पंचा काढायचे नाहीत. घरातली माणसं बोलायची, आधी दाखवायला हवं होतं. दुखत नव्हतं म्हणून दाखवलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हे सगळं मला आरशापुढे बसल्या जागी आठवलं.

मी कुणाला काही सांगितलं नाही. सारवण पुरं केलं. नवऱ्याने मोबाइलला शेण कसं लागलं ते विचारलं, मी म्हटलं पडला. गौरी जवळ आल्या होत्या. मी माहेरी जाते म्हणाले. दर वर्षी जातेच, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पण यंदा मी मनातून सगळ्यांना शेवटचं बघायला चालले होते.

आमच्या गावाहून जीपने किन्हवलीपर्यंत जायचं, तिथून एसटीने सरळगाव, पुढे मुरबाडच्या अलीकडे माहेर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलं होतं, कणसं बाहेर पडायचीच बाकी होती. खिडकीत बसून मी जिभेने ती जागा चाचपत होते. थांबायचं ठरवलं तरी थांबता येत नव्हतं.

माहेरी आता भाऊ आणि भावजय. भावजय माझ्याहून लहान आहे, अंगणवाडीत मदतनीस आहे आणि तोंडाने फार फटकळ. मी जेवायला बसले तर भात आणि दूध एवढंच घेतलं. गौरीचं जेवण, पाच भाज्या, आणि मी दूधभात खातेय. तिने तेव्हा काही विचारलं नाही. माणसं जेवून उठल्यावर मला मागच्या दारी भांड्यांजवळ गाठलं.

“वन्सं, काय होतंय तुमाला?”

“कुठं काय.”

“दूधभात लहान पोरं खातात, नायतर आजारी माणसं. तुमी लहान तर नाय.”

मी भांड्याला राख लावत राहिले. तिने माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं. मग माझ्या तोंडून निघालं, जिभेला फोड आलाय म्हणून.

“काढा बरं जीभ.”

“इथं?”

“मंग काय मुरबाडच्या बाजारात काढता? काढा.”

मला जमेना. तोंड उघडायचं आणि हात आपोआप पदराकडे जायचा. तिने माझा पदर धरून खाली केला, जरा रागानेच. तेव्हा मी जीभ काढली. तिने हनुवटी धरून माझं तोंड उन्हाकडे वळवलं.

“मागं बग,” मी म्हटलं. जीभ बाहेर असल्यामुळे शब्द नीट निघाले नाहीत. मी जीभ आत घेतली आणि परत म्हटलं, “मागं बग ना. आतपर्यंत पसरलंय सगळं.”

तिने पाहिलं. मग मला सोडलं, स्वतःचं तोंड उघडलं आणि लांबलचक जीभ बाहेर काढली, बोटाने आत दाखवत. मी वाकून पाहिलं. तिच्या जिभेवर मागे तसेच गोल फोड होते. तशीच ओळ.

“तुला बी झालंय?” मला रडूच आलं.

ती जीभ आत घेऊन इतकी हसली की तिला ठसका लागला. “अवं, ते सगळ्यांनाच असतं! देवानं जीभ दिली तवाच दिलेलं. माझ्या पोराला बी हाय, तुमच्या भावाला बी हाय. बोलवू त्यांना?”

तेवढ्यात भाऊ हात धुवायला मागे आला. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडात वाकून बघत होतो.

“काय चाललंय?”

“तुमी जीभ काढा,” भावजय त्याला म्हणाली.

“खुळी झाली काय?”

“काढा म्हणते ना. बहिनीसाठी काढा.”

त्या बिचाऱ्याने काढली. त्यालाही होते. त्याला काही न सांगता तिने परत पाठवून दिलं. मी किती दिवसांनी पोट धरून हसले होते.

मग ती हसायची थांबली. “पण तो कडेचा तसला नाय, वन्सं. तो कवापासून हाय?”

“शेवळं निघाली तवापासून.”

“शेवळं!” ती ओरडलीच. “आता भात पोटरीला आलंय!”

“खाजली होती ना शेवळं. काकडं कमी पडली.”

“शेवळांची खाज भाकर पचायच्या आत जाते. तुमाला काय सांगायला पायजे?” तिने माझा हात धरला. त्यांच्या अंगणवाडीत दवाखान्यातली माणसं येऊन सांगून गेली होती. तोंडातला फोड, गाठ, चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दुखो न दुखो, दाखवायचा. “चावलं, भाजलं, तिखट लागलं, असले फोड येतात आणि जातात. जो जात नाय त्याला घरी ठेवायचा नाय.”

“आणि तो आजार असला तर?”

“असला तर लवकर कळंल. नसला तर पाच भाज्या जेवाल.”

तिने माझ्यादेखत माझ्या नवऱ्याला फोन लावला. मी भांडी घासत होते आणि ऐकत होते. माझ्याबद्दल कुणी बोलताना मला जमिनीत जावंसं वाटतं, पण त्या दिवशी तिने बोलावं असं मला वाटत होतं.

मी घरी परतले तशी नवऱ्याने गिरणीतून सुट्टी घेतली. धुतलेला शर्ट घातला. आम्ही शहापूरला जायला निघालो. जीपमध्ये तो म्हणाला, “मला सांगायचं तरी.”

“काय सांगू?”

“जीभ दुखते म्हणून.”

“दुखत नवती.”

  चुलत्यांचं बोलणं माझ्या तोंडून निघालं होतं, हे मला तेव्हा उमगलं.

सरकारी दवाखान्यात दातांचे डॉक्टर वेगळे बसतात. मला वाटलं होतं बाई असेल, पण तरुण मुलगा होता, माझा पोर शोभेल अशा वयाचा. खुर्ची मागे झुकवली आणि वरचा दिवा तोंडावर आणला.

“आ करा, मावशी.”

मी केला. तो म्हणाला, “एवढ्यात तर माझं बोटही जाणार नाही.” मग जीभ बाहेर काढायला सांगितली. माहेरी मागच्या दारी भावजय होती. इथे परका पुरुष, दिवा, दारात रांग. मी डोळे मिटून घेतले आणि काढली. त्याने कापडाच्या जाळीने जिभेचं टोक धरलं, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वळवलं, फोड बोटाने दाबून पाहिला, मग गळ्याला आणि जबड्याखाली चाचपलं. घाई केली नाही.

“मशेरी लावता?”

 नवरा दारातून म्हणाला, “नाय, तसं काय जास्त नाय.”

डॉक्टरने माझा उजवा हात उचलून मला दाखवला. पहिलं बोट टोकाला काळं होतं. “काका, बोट वेगळं सांगतंय,” तो हसून म्हणाला. नवरा भिंतीकडे बघायला लागला.

मग त्याने लहान आरसा तोंडात धरून मला दाखवलं. डाव्या बाजूची एक दाढ तुटून तिची कड धारदार झाली होती. बरोबर तिथेच जीभ घासत होती. त्या दाढेचा तुकडा कधीच गेला होता, मला त्याचं काही वाटलं नव्हतं. कड रोज घासायची आणि वर मी मशेरी दाबायची.

त्याने दाढेची कड घासून गुळगुळीत केली. मशेरी आजपासून बंद म्हणाला. “दोन आठवड्यांनी या. नुसत्या दाढेचा फोड असेल तर तोवर जाईल. नाही गेला तर तिथला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू. मधे रक्त आलं, गिळताना अडकलं, जीभ बधिर झाली, मानेला गाठ लागली, तर तेवढंही थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी यायचं.”

“तो आजार हाय काय?” नवऱ्याने विचारलं. मी विचारलं नसतं.

“बघून सांगता येत नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.”

मशेरी सोडणं मला वाटलं होतं त्याहून कठीण गेलं. सकाळी डोकं जड, पोट साफ होईना, हाताला काहीतरी हरवल्यासारखं. मिठाने दात घासले तर तोंड धुतल्यासारखंच वाटेना. दुपारी मी ओट्यावर जायचं टाळलं. आत बसून तांदूळ निवडायची, निवडलेलेच परत निवडायची. बाहेर बायकांची हं हं ऐकू यायची.

जाऊ एकदा तंबाखूची पानं घेऊन आत आली. “रुसलीस काय गो? ही जरा भाजून दे.”

“मी नाय भाजणार.”

तिला वाटलं तिने चुकीचं ऐकलं. मी तिला आजवर कशाला नाही म्हटलं नव्हतं.

“डाक्टरनं तुला बंद केलीय, मला नाय केली.”

“माझ्या हातानं नाय भाजणार, बाय.”

 ती म्हणाली, “जीभ सुजली तर बोलायला लागली बघा,” आणि पानं घेऊन गेली. तिने स्वतः भाजली. धूर आमच्या घरात आला, ठसका लागला, मशेरी करपली. संध्याकाळपर्यंत ती भिंतीपलीकडून मला ऐकू येईल असं बडबडत होती. मी पानं भाजली असती तर बरं झालं असतं, असं मला दोनदा वाटून गेलं. उठले मात्र नाही.

दोन आठवड्यांनी गेलो तेव्हा फोड पुष्कळ बसला होता. पण पांढरा चट्टा होता तिथेच होता. डॉक्टर म्हणाला, तुकडा काढू. जिभेत सुई टोचली, मग जीभ माझी राहिलीच नाही. कातरीचा आवाज तेवढा ऐकला. टाका घातला. तुकडा बाटलीत टाकला, शेंगदाण्याच्या सालीएवढा असेल. तो ठाण्याला तपासायला जाणार होता.

परत येताना मला बोलता येत नव्हतं, आणि जीपमधल्या कुणाला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

त्यानंतरचे दिवस भातकापणीचे होते. मी थंड पेज प्यायची आणि कापायला जायची. नवरा नको म्हणाला होता, पण घरी बसून काय करायचं होतं? वाकून कापताना मन विळ्यावर असतं. बांधावर बसलं की ते ठाण्याला जायचं. त्या बाटलीतला तुकडा कुणाच्या तरी टेबलावर असेल, कुणी तरी बघत असेल. माझ्याबद्दल त्याला कळलं असेल आणि मला अजून कळलेलं नाही, असं वाटायचं. आजार निघाला तर काय काय करतात, हे मी कुणाला विचारलं नाही. जीभ कापतात का, हेही नाही. मला बोलायला जीभ फारशी लागत नाही, असं मी मनात म्हणून पाहिलं. त्याने धीर आला नाही. उलट ती मला फार हवीशी वाटली.

जाऊ त्या दिवसांत रोज नाचणीची आंबील करून आणायची. थंड करून, मीठ अगदी कमी घालून. वाटी ठेवायची आणि म्हणायची, “घोट घोट घे. आणि माझ्याकडे अशी बघू नको, तुझ्यासाठी नाय केलेली, उरलेली हाय.” एके दिवशी ती बसून राहिली. म्हणाली, “तुला चिडवलं ना गो मी, खोटं बोललीस म्हणून.”

“मला हसू आलं होतं,” मी म्हटलं. ते खरंच होतं.

निकालाच्या दिवशी गिरणीत भात यायला लागलं होतं, नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. मी एकटी गेले. एकटीने दवाखान्यात जायची माझी पहिलीच वेळ. रांगेत बसले. माझ्या पुढे एक म्हातारा दात काढायला आला होता, तो मला विचारत होता दुखतं का म्हणून. मी म्हटलं, सुई दुखते, नंतर नाय. तो खूश झाला.

डॉक्टरने कागद वाचला आणि आधी मला खुर्चीत बसवून परत जीभ पाहिली. मला वाटलं, वाईट असेल म्हणून आधी बघतोय. मग त्याने हातमोजे काढले.

“कॅन्सर नाही, मावशी.”

मी मान हलवली.

“पण कातडी जाड झालीय. मशेरी आणि दाढेचं घासणं. आत्ता ती तेवढ्यावर थांबलीय. मशेरी परत लावलीत तर ती बिघडू शकते. नाही लावलीत तर बहुतेक चट्टा विरत जाईल. बहुतेक म्हणतोय, नक्की नाही म्हणत. म्हणून तीन महिन्यांनी परत दाखवायचं. त्याआधी काही वेगळं वाटलं तर तेव्हाच.”

“दुखलं नाय तरी?”

“दुखलं नाही तरी.”

मी बाहेर येऊन दवाखान्याच्या कट्ट्यावर बसले.  थोड्या वेळाने बाजारात जाऊन हिरव्या मिरच्या घेतल्या.

नवरा गिरणीच्या दारात उभा होता, अंगावर कोंडा. मी तिथे याआधी कधी गेले नव्हते. त्याने मला रस्त्याच्या पलीकडे पाहिलं आणि जागेवरच थांबला. मी जवळ जाऊन सांगितलं, “नाय तो.” एवढंच बोलले. आत यंत्र चालू होतं, त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून परत सांगायला लागले, पण त्याला कळलं होतं. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, कोंडा डोळ्यात गेल्यासारखं. म्हणाला, “घरी जा. उन्हात उभी राहू नको.”

संध्याकाळी मी मिरचीचा ठेचा केला. मी अर्ध्या बोटाएवढाच घेतला. झोंबला. जावेला वाटी दिली, ती म्हणाली मीठ जास्त झालंय.

भावजयीला मी स्वतः फोन केला. ती इतक्या जोरात ओरडली की नवऱ्यालाही ऐकू गेलं.

आता मार्गशीर्ष चालू आहे. रोज सकाळी दार उघडलं की मी आरसा उन्हाकडे धरून जीभ बघते. चट्टा आधीपेक्षा पातळ वाटतो. कधी वाटतं तेवढाच आहे. काल वाटलं वाढला, मग आरसा पुसून पाहिलं तर नव्हता वाढला. मशेरीची आठवण दुपारी येते, विशेषतः जेवणानंतर. मी ओट्यावर बसते आता, बडीशेप चघळते. जाऊ अजून लावते. तिला चल म्हटलं, एकदा दाखवून येऊ, तर म्हणते मला काय झालंय. मी परत म्हणेन. पौष संपला की मला शहापूरला जायचंच आहे.